हलका गुन्हा

जावयाने माझ्या लेकीचा, अर्डिथचा, ओठ फोडला. कोर्टाने हलका गुन्हा म्हणून त्याला घरी सोडलं. लगेच हा दारात हजर. “सासूबाई, झालं गेलं विसरा, अर्डिथला घरी पाठवा.”

मी वकिलाला विचारलं, “मग आपल्या टेक्ससात भारी गुन्हा कशाला म्हणतात रे बाबा?”

“गुरं चोरली तर, मावशी. एक वासरू चोरलं तरी कित्येक वर्षं तुरुंग.”

“वा. म्हणजे माझ्या पोरीने गाईच्याच पोटी जन्म घ्यायला हवा होता.”


रविवारी जावई चर्चमध्ये डोळे मिटून गात होता, तेव्हा मी माझ्या नावाचा डाग दिलेलं वासरू त्याच्या कुंपणात सोडलं आणि शेरीफला फोन लावला, “साहेब, माझ्याकडे चोरी झालीय.”