उकळलेली लोकर

दोरीवर काय वाळत घातलंय, ते तिला आधी कळलंच नाही. अकरा जाड, आक्रसलेले तुकडे लोंबत होते, जुन्या पायपुसण्यांसारखे. त्यांतून पाणी ठिबकत होतं. चुलीवर मोठं पातेलं, शेजारी साबणाच्या पावडरीचा रिकामा डबा.

"दादा!"

सुट्टीवर आलेला थोरला भाऊ हात पुसत शेडमधून बाहेर आला. "अगं, गिऱ्हाईक आणायला गेलीस ना? म्हटलं, तोवर करून टाकू. कसला वास मारत होता त्या लोकरीला! चिकटा काय, शेण काय. उकळत्या पाण्यात घालून दांडक्यानं चांगली घुसळली. कंबरडं मोडलं माझं."

तिच्यामागून सूत कातणारी बाई आली, हातात रिकाम्या पोत्यांची वळकटी. पाच जणींसाठी लोकर न्यायला ती चार तास प्रवास करून आली होती. हातानं कातणाऱ्यांना लोकर लागते ती कच्चीच, मेंढीच्या अंगचं तेल तिच्यात तसंच असलेली. आणि ठिपकेदार मेंढीची तर अख्खी, एका तुकड्यात. म्हणजे काळी बट कुठली, पांढरी कुठली, हे आपलं आपल्याला निवडता येतं.

बाईनं एक तुकडा चाचपला. ओल्या चामड्यासारखा घट्ट; उकळून घुसळल्यानं केस एकमेकांत कायमचे गुंतले होते. काळ्यापांढऱ्याची नुसती खिचडी.

"ही कुणाची?"

"ठिपकीची. परवा गेली ती, मावशी. ही तिची शेवटची लोकर होती."

"एवढं काय त्यात?" भाऊ म्हणाला. "बाकीच्या दहा आहेत ना? लोकरच ती. वर्षभरात पुन्हा वाढेल."

"मला विचारलंस?"

"चांगलं करायला गेलो, तर उलट माझ्यावरच..."

"विचारलंस का मला? सकाळी चहात साखर किती घालू, ते विचारलंस. हे नाही विचारलंस."

"अगं, पण तू होतीस कुठं? आणि लोक येणार घरी, त्यांच्यापुढे असला घाणेरडा माल टाकायचा? माझं म्हणणं एवढंच की..."

"मावशी, तुमची टकळी द्या जरा."

बाईनं पिशवीतून टकळी काढून दिली. ती घेऊन तिनं भावाच्या मुठीत कोंबली. ठिपकीचा तुकडा दोरीवरून ओढून त्याच्या अंगावर फेकला. त्याचा सदरा भिजला.

"तोंडाची टकळी थांबव. ही चालव. काढ धागा."

"मला कुठं येतं?"

"उकळता येतं ना? मग काढ. बोटभर काढ."

तो हसला. त्यानं बाईकडे बघितलं. ती हसत नव्हती. मग ओट्यावर बसून त्यानं तुकड्याची कड चिमटीत धरली आणि ओढली. काही सुटलं नाही. नखं रुतवून ओढली. गुडघ्याखाली दाबून ओढली. शेवटी दातांत धरली. तोंडात एक काळा केस आला, तो त्यानं थुंकून टाकला.

"नाही निघत गं."

"ओढ."

"चुकलं माझं, बास? दुसरी आणून देतो कुठून तरी."

बाईनं पोती पुन्हा काखेत मारली. "येते मी," एवढंच म्हणाली, आणि टकळी मागायला पुढे केलेला हात तिनं मागे घेतला. फाटकाची कडी वाजली.

भाऊ उठायला लागला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"ओढ, दादा."