नऊ नंबरचा लोणचे

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला लोणचे पुन्हा पडला.

"कोणी पाडलं?" दिनकररावांनी आरामखुर्चीतून विचारलं.

"कोणीच नाही, आजोबा. इथे लिहिलंय, बॉल मारायला गेला और अपने आप गिर गया," उन्नतीने मोबाइलवरून वाचून दाखवलं.

"मैदान ओलं असेल," दिनकरराव म्हणाले.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या त्या घरात गेली सात वर्षं शनिवारची रात्र अशीच जायची. थॉर्नवेल टाउन हा इंग्लंडातल्या पाचव्या पायरीवरच्या लीगमधला क्लब. त्याचे सामने टीव्हीवर कुठले दिसायला! क्लबच्या वेबसाइटवर कोणीतरी दोन-दोन ओळी टाकायचं, आता कॉलेजात असलेली नात त्या वाचायची आणि आजोबा डोळे मिटून ऐकायचे. डॅरेन पिकल्स हा त्या क्लबचा नऊ नंबरचा फॉरवर्ड. पिकल्स म्हणजे लोणचे, असं दिनकररावांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. तेव्हापासून घरात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

दिनकरराव शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्तीनंतर ते मुलाकडे, गोविंदकडे, दोन महिने थॉर्नवेलला राहिले. तिथे त्यांनी एकच सामना पाहिला. पाऊस पडत होता. चेंडू लोणच्याच्या गुडघ्यावर आदळून गोलात गेला. आनंदाने वेडा झालेला लोणचे मैदानाच्या कोपऱ्याकडे धावत सुटला. तिथे माकडटोपी घातलेले दिनकरराव एकटेच उभे होते. त्याने त्यांनाच मिठी मारली.

ग्वाल्हेरला परतल्यावर दिनकररावांनी त्याला अभिनंदनाचं पत्र लिहिलं. मग दर महिन्याला एक पत्र जाऊ लागलं. गोल झाला की शाबासकी, नाही झाला की धीर. सात वर्षांत गोल झाले एकोणीस, त्यामुळे धीरच जास्त गेला. हंगाम संपला की शेवटची ओळ ठरलेली असायची, 'पुढचा हंगाम तुझाच आहे.' उत्तरादाखल नाताळात दोन ओळींचं कार्ड यायचं, बस.

शनिवार म्हटला की दिनकरराव घराबाहेर पडत नसत. बायकोच्या सख्ख्या भाचीच्या लग्नातूनही ते अक्षता पडताच घरी निघून आले होते. सुलोचनाबाईंचा भाऊ त्यावरून वर्षभर बोलत नव्हता.

जूनमधल्या एका मंगळवारी पोस्टमनने जाड पाकीट आणून दिलं. आजोबा अंघोळीला गेले होते, म्हणून उन्नतीने ते फोडलं. दारातच वाचलं आणि ती धावत स्वयंपाकघरात गेली.

"आजी, लोणचे रिटायर हो रहा है."

सुलोचनाबाईंनी गॅस बंद केला. दिनकररावांच्या हृदयात मागच्याच वर्षी स्टेंट टाकला होता.

"आत्ता अवाक्षर बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आधी त्यांचं जेवण होऊ दे."

जेवण झालं. दिनकररावांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. सुलोचनाबाईंनी रक्तदाबाची गोळी दिली आणि पाण्याचा पेला हातात धरून त्या शेजारीच बसल्या. मग उन्नतीने पत्र वाचायला घेतलं.

'प्रिय मास्तर,' लोणच्याने लिहिलं होतं, 'मला खेळ सोडायचा आहे. खरं तर तीन वर्षांपूर्वीच सोडायचा होता. डाव्या गुडघ्यात आता काही उरलेलं नाही. सासऱ्यांचं फरशांचं दुकान आहे, ते कधीचे बोलावताहेत. पण दर मे महिन्यात मी तुम्हाला कळवायला बसतो आणि नेमकं तुमचं पत्र येतं. मग मी क्लबला सांगतो, आणखी एक वर्ष खेळतो. बायको म्हणते, तू थॉर्नवेलसाठी नाही, ग्वाल्हेरसाठी खेळतोस. तुम्हाला फार वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. पण तुमची परवानगी असेल तर आता थांबेन म्हणतो.'

दिनकररावांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. सुलोचनाबाईंनी घाईघाईने पेला पुढे केला.

दिनकररावांनी मान वर केली. ते हसत होते.

"सुटलो गं बाई!" ते म्हणाले. "तीन वर्षं झाली, मला या फुटबॉलचा वीट आलाय. ऑफसाइड म्हणजे काय, ते अजून मला कळलेलं नाही."

"मग दर शनिवारी इथे ठाण मांडून का बसत होतात?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"ते पोर तिकडे चिखलात एकटं पडतंय. मी पत्र थांबवलं असतं तर त्याला काय वाटलं असतं? त्याला धीर देणारं दुसरं आहे कोण?"

सुलोचनाबाईंनी पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

दिनकररावांचा हात हल्ली लिहिताना कापायचा. त्यांनी उन्नतीला कागद घ्यायला सांगितलं आणि खुर्चीत ताठ बसून मजकूर सांगायला सुरुवात केली.

"लिही. प्रिय डॅरेन, तुझं पत्र वाचून मी पार कोसळलो. अन्न गोड लागत नाही. यापुढचे शनिवार कसे काढायचे, हे मला सुचत नाही. तरीही काळजावर दगड ठेवून..."

उन्नतीने पेन खाली ठेवलं. "आजोबा, कितना झूठ! आत्ता तर तुम्ही दोन वाट्या श्रीखंड खाल्लं."

"तू लिही," दिनकरराव म्हणाले. "तो माझ्यासाठी तीन वर्षं मोडक्या गुडघ्यावर धावला. मी त्याच्यासाठी एक पानभर रडू नको?"