मोरूदादाच्या कानातली बाई

“ही बाई काही गप्प बसत नाही बघ, कुंदे,” मोरूदादा कुरकुरला.

कुंदाने त्याच्या कपाळावरची पाण्याची पट्टी बदलली. तरुणपणापासून दादाला असे आवाज ऐकू येत, आणि घरात त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं. “कोणी बोलत नाही रे. झोप.”

“म्हणते, छातीत पाणी भरतंय, डॉक्टरला बोलव.”

वॉर्डातली सिस्टर हसली. “मघाशी मलाही सांगितलं त्यांनी. झोपेची गोळी दिलीय, होतील शांत.”

कुंदाही हसली, वेड्याच्या बहिणीला चारचौघांबरोबर हसायची सवय लागतेच. एवढ्यात पलीकडच्या खाटेवरचे मास्तर नुसतं म्हणाले, “माझा मणी बोलतोय,” आणि दोन डॉक्टर धावत आले.

मणी! या साथीत तापाच्या प्रत्येक रोग्याच्या कानात बसवतात तो, श्वास ऐकून ज्याचा धोका त्यालाच बोलून सांगणारं इवलंसं यंत्र. दादाच्याही कानात होता.

तिने तो काढून स्वतःच्या कानात घातला. आत एक बाई शांतपणे तेच तेच सांगत होती. दादाचे ओठ निळे पडले होते.

“सिस्टर!” कुंदा किंचाळली. “बाई खरीच आहे हो! वेडा म्हणून ऐकलं नाही आपण कोणी. मरतोय माझा दादा!”