अर्धं माप कमी

शनिवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी डेल फेडोरुकने व्हर्ना टेव्सच्या दागिन्यांच्या दुकानात येऊन अंगठीचं माप सांगितलं. साडेसात.

"कुणी मोजलं?" व्हर्नाने विचारलं. अल्बर्टातल्या त्या गावात साखरपुड्याची अंगठी म्हटलं की ती व्हर्नाच्याच हातून जायची, गेली छत्तीस वर्षं. माप पुरुषाने आणलं की ते चुकलेलं असतं, हे ती धरूनच चालायची.

"मोजलं नाही. खोक्यावर लिहिलंय."

"कसल्या खोक्यावर?"

"तिच्या ऑपरेशनच्या हातमोज्यांच्या."

व्हर्नाने हातातलं फडकं खाली ठेवलं. ती म्हणजे कॉरीन, गावातली गुरांची डॉक्टर. चार वर्षं डेल तिच्याबरोबर फिरत होता आणि चार वर्षं गाव वाट बघत होतं.

"अरे बाबा, तो तळव्याचा नंबर. माझ्या नवऱ्याच्या टोपीचा नंबरही साडेसात आहे. त्या मापाची करून देऊ?"

डेल कानापर्यंत लाल झाला, पण गेला नाही. काचेखालच्या सगळ्यात बारीक अंगठीवर त्याने बोट ठेवलं. पाव कॅरटचा हिरा, धातूच्या सहा नख्यांवर उंच उचललेला.

"ही चालेल, मिसेस टेव्स. नाजूक आहे. तिला मोठं काही नको असतं."

"असं ती म्हणाली?"

"ती म्हणते, या हाताला अंगठी शोभत नाही. जेवायला बसली की हात टेबलाखाली. फोटोत हात खिशात. ते बोट एकदा गाईने मोडलंय, दोराने कातडं सोललंय. मागच्या वर्षी मी नुसता विषय काढला, तर म्हणाली, आधी बोट बघ आणि मग बोल."

"मग तू काय बोललास?"

"काही नाही. तिथेच चुकलं."

व्हर्नाने ती बारीक अंगठी उचलली आणि स्वतःच्या करंगळीत घातली. कामाने तिचाही हात रुंद झाला होता. अंगठीखाली तो फावड्यासारखा दिसायला लागला.

"खेळण्यातली वाटते," डेल म्हणाला.

"लहान हिऱ्याने मोठा हात लपत नाही, जास्तच मोठा दिसतो. शिवाय या नख्या. गाईतून वासरू ओढताना यांनी हातमोजा फाटला आणि अंगठी गाईतच राहिली, तर शोधायला तू जाणार?"

"जाईन की. तिच्या घड्याळासाठी गेलो होतो."

व्हर्ना हसली नाही. तिने मागचा ट्रे काढला. त्यातल्या अंगठीचा पट्टा रुंद होता, हिरा लंबगोल, पाऊण कॅरटच्या थोडा वर, चारी बाजूंनी बंद कोंदणात खोल बसवलेला. ती तिने अनामिकेत सरकवली आणि हात दिव्याखाली धरला. तीच बोटं आता लांब वाटत होती. हिऱ्याला बसायला एवढाच रुंद हात हवा होता, असं वाटत होतं.

डेलने बराच वेळ पाहिलं. "हीच," तो म्हणाला.

"माप?"

"तिचं ते बोट माझ्या करंगळीएवढं आहे. सिनेमात मी हात धरतो, म्हणून माहीत आहे. तिथे अंधार असतो, म्हणून देते."

व्हर्नाने मापाच्या कड्यांचा जुडगा आणून त्याची करंगळी मोजली. साडेआठ. अंगठी होती आठची.

"त्यात मोडलेलं बोट. पेर जाड असणार. अडेल. मंगळवारी वाढवून देते."

"मंगळवारपर्यंत माझा धीर सुटेल."

"मग ने. पण अडली तर जोर करू नकोस."

पाच वाजून पाच मिनिटांनी व्हर्नाने दुकान बंद केलं.

बुधवारी सकाळी सव्वादहाला कॉरीन आली. डावा हात कोटाच्या खिशात होता.

"अडली ना, डॉक्टर?"

"जाणार नाही हे त्याला दाखवायला मीच घातली," कॉरीन म्हणाली. "गेली. आता निघत नाही. साबण झाला, लोणी झालं, गाईंसाठी वापरते ते वंगण झालं."

"आणि त्याला काय सांगितलंत?"

"काही नाही अजून. अंगठी अडकली म्हणून हो म्हणाले, असं नको व्हायला."

तिने हात बाहेर काढून काचेवर ठेवला. पेर वाकडं होतं, त्याखालून पांढरा वण गेला होता. त्या दोन्हींच्या मागे हिरा सरळ बसला होता. व्हर्नाने बोट हळूच फिरवून पाहिलं.

"थंड पाण्यात हात धरायचा आणि दोरा गुंडाळून काढायची. पाच मिनिटांचं काम. मग अर्धं माप वाढवते. शनिवारी मिळेल."

"म्हणजे शनिवारपर्यंत ही इथे राहणार?"

"बोटात असताना मला वाढवता येत नाही."

कॉरीनने हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दुकानात आणखी कुणी नव्हतं.

"तशी दुखत नाहीये," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत डेलला उत्तर मिळाल्याचं व्हर्नाच्या कानावर आलं नव्हतं. अंगठीही कॉरीनच्या बोटातून निघून वाढवायला आली नव्हती.