यज्ञेश्वर नावाचं फोल्डर

पडद्यावर पुन्हा शून्य उमटलं.

"मॅडम, रस हाय हा. पाणी नाय," यंत्रात उसाचा रस ओतून चिकट झालेली बोटं पुसत संपत म्हणाला.

प्रोग्राम दुरुस्त करायला आलेल्या रुपालीने आकडा पुन्हा तपासला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या खासगी प्रयोगशाळेत रसाची गोडी मोजणारा प्रोग्राम तिच्या वडिलांनी, अण्णांनी, इथे नोकरीत असताना लिहिला होता. अण्णा दिवाळीत गेले. प्रोग्राम कालपासून बंद होता.

तो कंपाइल केलेला, सीलबंद; आत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, बदलताही येत नव्हतं. मूळ कोड जुन्या हार्डडिस्कबरोबर गेलेला. उसाच्या जाती हंगामागणिक बदलतात, म्हणून त्यांचे नियम तेवढे अण्णांनी बाहेर, साध्या स्क्रिप्टमध्ये, सहज बदलता येणाऱ्या मजकुराच्या फाईलमध्ये, ठेवले होते. रस ओतला की प्रोग्राम ती स्क्रिप्ट ओळीओळीने वाचायचा आणि आकडा द्यायचा. ती स्क्रिप्टच इथून गायब झाली होती. रुपालीने घरच्या सीडीवरची तिची प्रत आणून प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवली. तरी शून्य. साधी एररसुद्धा नाही.

"चालू द्या तुमचं, घाई नाही," सिस्टिम सांभाळणारा तेजस म्हणाला. "चारला नवीन सॉफ्टवेअरवाले येतायत. मग हे काढायचंच आहे."

शेवटी तिने प्रोग्राम कुठली फाईल शोधतोय, ते दाखवणारं टूल लावलं. पत्ता आला: सी ड्राइव्ह, यज्ञेश्वर, नियम.

पत्ता थेट कोडमध्ये कोरलेला, बाहेरून न बदलता येणारा. पहिल्या नोकरीत तिने हेच केलं होतं, तेव्हा अण्णांनी जेवणाच्या ताटावरही तिला बोलायचं सोडलं नव्हतं.

"तुम्हीसुद्धा, अण्णा?" ती दात आवळून पुटपुटली. मग तेजसकडे वळली. "यज्ञेश्वर नावाचं फोल्डर होतं इथे?"

"होतं. कालच डिलीट केलं. कामावर नसलेल्यांची फोल्डर्स ठेवत नाही आपण. पॉलिसी आहे."

तिने नवं फोल्डर उघडलं. वडिलांचं नाव एकेक अक्षर टाइप केलं, स्क्रिप्ट आत ठेवली. संपतने रस ओतला.

एकोणीस पूर्णांक दोन.

"आता कसं!" संपत म्हणाला.

तेजसने मान हलवली. "चाललं, तर राहू दे प्रोग्राम. पण फोल्डरचं नाव बदला, मॅडम."

"नाही बदलता येत. आत तेच आहे."

"मग ऑडिटला कारण काय देऊ?"

संपतने पुढचा नमुना ओतला. अठरा पूर्णांक सात.

"सांगा," रुपाली म्हणाली, "कामावर आहेत."