दम

ट्रेडमिलचा पट्टा जोरात फिरायला लागला तसा गंगाधर राऊळने समोरचा दांडा गच्च धरला आणि अंगाचा सगळा भार हातांवर टाकला. पाय नुसते नावाला हलत होते. छातीवर वायरी चिकटवलेल्या, दंडाला बीपीचा पट्टा. कॉटन ग्रीनच्या गोदामात तो मुकादम होता आणि मालकाला त्याच्या हृदयाचा फिट रिपोर्ट हवा होता.

"दांडा सोडा, काका," डॉक्टर अनुजा म्हणाल्या.

"गुडघे दुखतायत ओ. छातीत काय नाय. बंद करा."

पट्टा मंदावला. परळच्या त्या धर्मादाय दवाखान्यातली तपासणीची खोली एवढीशी. एका भिंतीला मशीन, दुसरीला पलंग, मध्ये स्टुलावर दर्शना, गंगाधरची बायको, त्याचा शर्ट मांडीवर घेऊन बसलेली. मशीनमधून आलेल्या कागदात वाईट काही नव्हतं. पण गडी धड चाललाच नव्हता, त्यामुळे डॉक्टरांना चांगलंही म्हणता येईना.

"जिना चढताना दाटून येतं? ओझं उचलताना?"

"कधीच नाय."

"काकू, घरी कधी दम लागलेला बघितलात?"

नवरा वायरींनी मशीनला बांधलेला, शेजारी डॉक्टर, दारात धिप्पाड रुपाली सिस्टर. खरं बोलायला याहून सुरक्षित जागा आपल्याला मिळणार नाही, असं दर्शनाला वाटलं. बिचारीचा अंदाज चुकला.

"मारताना लागतो," ती म्हणाली.

"कोणाला मारताना?"

"मला. पूर्वी स्वतःचा हात दुखेपर्यंत थांबायचे नाहीत. आता चार फटक्यांत छाती धरून खाली बसतात. घामाने नुसते भिजतात. मग मी पाणी देते." ती जराशी पुढे सरकली. "तुम्ही सांगा ना त्यांना, मॅडम. मारू नका म्हणून. डॉक्टरांचं ऐकतील."

"काय बोललंस गो?"

गंगाधर पट्ट्यावरून खाली आला तो हात उगारूनच. पहिली चपराक कानावर बसली आणि दर्शना स्टुलावरून पडली. त्याने तिचे केस मुठीत धरून तिला वर ओढलं आणि तिचं डोकं मशीनच्या दांड्यावर आपटलं. बांगड्या फुटल्या. दोन वायरी तटातट सुटल्या, बाकीच्या ताणल्या गेल्या आणि कागदावर वेड्यावाकड्या रेघा उमटत राहिल्या. डॉक्टर ओरडत होत्या, सिस्टर मागून त्याची कंबर धरून ओढत होती. त्याने सिस्टरला कोपराने ढकललं आणि दर्शनाच्या पाठीत लाथ घातली.

"घराक चल तू. मग बघतंय."

आणखी एक लाथ. मग पुन्हा वर गेलेला हात तिथेच थांबला आणि हळूहळू छातीवर आला. तोंड उघडं पडलं, कपाळ ओलं झालं.

दर्शनाने जमिनीवर बसल्या बसल्याच कलंडलेलं स्टूल उभं केलं आणि त्याच्या मागे सरकवलं. तो धपकन बसला. ती हे इतकं सवयीने करून गेली, की डॉक्टरांना त्या लाथांपेक्षा त्या सवयीचीच भीती वाटली.

कागदावरच्या रेघा आता नीट यायला लागल्या होत्या, आणि त्या खाली खचलेल्या होत्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. ज्याच्यासाठी एवढा पट्टा फिरवला, ते मशीनला बायकोला बडवल्यावर सापडलं.

त्याला पलंगावर निजवून डॉक्टरांनी उशाशी ठोके मोजणारं मशीन जोडलं आणि जिभेखाली गोळी ठेवली. "चघळायची नाही. बोलायचं तर अजिबात नाही." सिस्टर त्याच्या उशाशी उभी राहिली. जन्मभर दुसऱ्यांना दम देणारा गंगाधर तोंड मिटून छताकडे बघत पडला.

डॉक्टरांनी दर्शनाच्या कपाळावर कापूस दाबला. "पोलिसांना बोलावते."

"तेही झालंय दोनदा. ह्यांच्या छातीचं काय ते सांगा आधी."

"हृदयाची नस अरुंद झालेली दिसतेय. अँजिओग्राफी केली की नक्की कळेल. मग फुग्याने नस मोकळी करून आत स्टेंट बसवता येतो. महिन्याभरात माणूस अगदी पहिल्यासारखा होतो."

दर्शनाने कापूस स्वतःच्या हातात घेतला. "पहिल्यासारखा म्हणजे?"

"म्हणजे दुखणार नाही, धाप लागणार नाही. जोराची कामंही..." डॉक्टर बोलता बोलता थांबल्या.

"आणि नाही बसवला तर?"

"ते अँजिओग्राफीवर ठरेल. मुख्य नस ठीक असेल तर गोळ्यांवरही भागतं. पण जोर केला की थोडंफार दुखत राहतं."

"मरायचे तर नाहीत?"

"गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं, तर लोक वर्षानुवर्षं जगतात."

दर्शनाने मान हलवली. मग ती उठून उभी राहिली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने नवऱ्याकडे न घाबरता, वरून खाली बघितलं. तिच्या कानातून रक्ताचा ओघळ मानेवर आला होता, तो तिने त्याच्याच शर्टाने पुसला.

"मग ती अँजिओग्राफी नीट बघा, मॅडम, आणि जमत असेल तर गोळ्यांवरच ठेवा," ती म्हणाली. "ते मरायला नकोत मला. एवढी वर्षं सोबत काढलीत. फक्त दम लागत राहू दे."

पलंगावर गंगाधरची मूठ वळली. उशाशी मशीन भरभर वाजायला लागलं. त्याच्या कपाळावर पुन्हा घाम आला, आणि मूठ आपणहून सुटली.