पहिल्या हरणाचा घास

तुम्ही माझ्या आईच्या तोंडचा घास काढून घेतलात. तुमच्या वृद्धाश्रमात घरचं मांस चालत नाही म्हणून माझ्या पोरीच्या हातातली सुक्या मांसाची पट्टी हिसकावलीत, पिशवीसकट कचऱ्यात टाकलीत, आणि वर म्हणालात, "आजींच्या तब्येतीसाठीच हो."

माझ्या लेकीनं, डेल्फीननं, मारलेलं ते पहिलं हरीण होतं. तिनंच त्याच्या पातळ पट्ट्या कापल्या, मीठ चोळलं आणि मेपलच्या लाकडाच्या धुरावर टांगून वाळवल्या. आमच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीत पहिल्या शिकारीचा पहिला घास घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा. त्यानं खाल्ल्याशिवाय शिकाऱ्यानं चवही घ्यायची नाही. पोरगी इतके दिवस त्या वासात नुसती लाळ गिळत होती.

तुम्ही पाठ फिरवलीत आणि ती रडायला लागली.

"मुळुमुळु काय रडतेस गं पाडसासारखी? हात दे इकडे," आई म्हणाली. धूर आणि चरबी मुरलेली नातीची बोटं तिनं एकेक करून चोखली. अगदी सावकाश, डोळे मिटून.

"मिठाला हात आखडलास गं बये. आईवर गेलीस, चिक्कू कुठली! बरं, मी खाल्लं. आता घरी जाऊन तू खा."

रविवारी पोरगी पुन्हा आजीला भेटायला येणार आहे. आता दारातच तिचे हात धुऊन घेणार आहात का? बोला.